पत्रिका उघडेपर्यंत

"व्हिजिटिंग कार्ड करायचेत. किती वेळ लागंल?"

मी मान वर न करताच म्हटलं, "करायला थोडाच. मशीन उघडायला किती घेतंय, ते मशीनलाच विचारा."

तो हसला. मला ते दिसलं, कारण कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता आणि त्या काचेत दारातला माणूस अख्खा दिसत होता. उंच, खांद्याला रेक्झिनची बॅग, एसटीच्या प्रवासानं केसांवर धूळ... आणि हसताना एकच गाल खोल जाणारा. मी काचेकडंच बघत राहिले. मागं वळले असते तर चोरी पकडली गेली असती ना!

पडदा एकदाचा उजळला. मी विचारलं, "नाव?"

"सोमेश्वर. त्याखाली लिहा — अँटिव्हायरस, विक्री व सेवा."

मी कपाळाला हात लावला. "अगंबाई! आणखी एक?"

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात आमचा छापखाना. दोन हजार सालची लगीनसराई तोंडावर आली होती, आणि तिथं एकच कॉम्प्युटर, त्यावर बसणारी मी एकटी, गंगासागर. माझे वडील ईश्वरप्पा, म्हणजे आप्पा, यांनी ते यंत्र आणलं तेव्हा त्याला भस्माचे तीन पट्टे ओढून पूजा केली होती. पण पत्रिकावाले लोक फ्लॉपी घेऊन येत, कुणाच्या शाळेतली, कुणाच्या सोसायटीतली, आणि प्रत्येक फ्लॉपीतून एक नवा व्हायरस आमच्याकडं मुक्कामाला येई. त्यावर उपाय म्हणून आप्पांनी काय केलं? येईल त्याचा अँटिव्हायरस टाकून घेतला. आमच्या समोरचे कागदवाले पाशाभाई फ्लॉप्या, सीड्याही विकत; ते म्हणाले, माझ्याकडचा घ्या, तो घेतला. मासिकाबरोबर फुकट सीडी आली, तीही टाकली. दिवाळीला माझ्या ताईचे यजमान अर्जुनराव लातूरहून आले, त्यांनी आपल्या हातानं एक टाकला. आप्पांना कुणाचं मन मोडवत नाही. तीन राखणदार एका दाराशी उभे, आणि तिघंही एकमेकांनाच चोर समजून झडती घेणारे. मशीन चालेल कसं?

मी हे सगळं एका दमात सांगितलं. सोमेश्वर ऐकत होता, डोळ्यांत हसू घेऊन.

"मग दोन काढून टाका की."

"कोणते दोन? आणि जावयानं टाकलेलं काढायचं कसं? आप्पा म्हणतात, जावयाचा मान हाय तो!"

"आन् न्हाई काढलं तर?"

माझा आवाज आपोआप खाली गेला. आप्पांनी आदल्याच रात्री जेवताना सांगितलं होतं, अक्षयतृतीयेच्या पत्रिका वेळेवर निघाल्या नाहीत तर मशीन विकून टाकू, हातानं खिळे जुळवायच्या जुन्या छपाईवर भागवू, आणि तू आता घरी बस, पाहुणे बघायला येतेत. मला पाहुण्यांचं भ्या नव्हतं हो. पण ही खुर्ची... ह्या खुर्चीवर बसलं की मी कुणाची तरी मुलगी नसते, मी पत्रिका करणारी असते. ती सुटायची कल्पनाच मला करवत नव्हती.

सोमेश्वरनं बॅग खाली ठेवली. "मी उद्या येतो. एकेक लावून बघू. जे हलकं हाय आन् चोर बी धरतंय, ते ठेवू."

"तुमचाच ठेवायला सांगाल."

"माझा बी त्यांच्याबरोबर रांगंत उभा करू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आला तो पहिल्यांदा आप्पांशी बोलला. "आप्पा, जावईबापूंना विचारलं का कुणी?"

आप्पा दचकले. "आता ते कसं विचारावं?"

"फोनवर."

दिवाळीपासून हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आप्पांनी घाम पुसत पाशाभाईंच्या दुकानातून लातूरला फोन लावला. मीही मागं जाऊन उभी राहिले. पलीकडून अर्जुनरावांचा आवाज मलाही ऐकू आला, "ते अजून हाय का तिथं? मामा, मी तर माझ्या हापिसातून कव्हाच काढलं. लई जड हाय ते! तुमाला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई."

आप्पांनी फोन ठेवला आणि पुन्हा घाम पुसला. मी पदरात तोंड घालून हसले, आणि पाशाभाईंच्या काउंटरला टेकून सोमेश्वरही.

मग आमची परीक्षा सुरू झाली. त्यानं सगळे अँटिव्हायरस काढले, आणि एकेक लावून, मशीन बंद-चालू करून, तीच एक लग्नपत्रिका उघडायची असं ठरवलं. घड्याळ बघायला तो मनगट वर करत होता तर मी म्हटलं, "घड्याळ कशाला? मला पत्रिका पाठ हाय. मी म्हणत जाते. उघडेपर्यंत कुठवर येते ते बघा."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "असं माप मी कुठं बघितलं न्हाई."

"मग बघा आता."

अर्जुनरावांचा लावला. मी सुरू केलं — श्री मन्मथस्वामी प्रसन्न, आमचे येथे श्रीकृपेकरून... नवरानवरी झाले, आजोबा झाले, मामा झाले, विवाहस्थळ झालं, आणि अगदी तळातल्या "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" पर्यंत आले तेव्हा कुठं पत्रिका उघडली. आम्ही दोघंही इतके हसलो की आप्पा बाहेरून डोकावले.

फुकटचा भराभर चालला. पण सोमेश्वरनं मुद्दाम आणलेली व्हायरसची फ्लॉपी घातली तर तिला बघून त्यानं हूं की चूं केलं नाही. "हा झोपलेला राखणदार हाय," सोमेश्वर म्हणाला. "हलका हाय, पण आंधळा."

मग त्याचा स्वतःचा. फ्लॉपी घातल्याबरोबर त्यानं चोर धरला. मी पत्रिका म्हणायला लागले... आणि बरोबर "चि. सौ. कां." वर पोचले तेव्हा पत्रिका उघडली. पुढचं नाव माझ्या ओठांवरच राहिलं. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. छपाईच्या शाईचा वास, बाहेर कुणीतरी रिक्षावाला भोंगा वाजवतोय.

"चांगला हाय की हा," मी शेवटी म्हटलं. "हाच राहू द्या."

"याला दर पंधरवड्याला नवी फ्लॉपी घालावी लागती. नव्या व्हायरसची ओळख असती तिच्यात." तो थांबला. "मला यावं लागंल... दर पंधरवड्याला."

"मग या की."

तो लाजला. मी सांगते, तो लाजला! आणि लाजता लाजताच त्यानं शेवटची सीडी उचलली. "पाशाभाईंचा ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ द्या तो."

"न्हाई. रांगंत हाय तो बी."

लावला. फ्लॉपी घातली, चोर धरला. मी पत्रिका म्हणायला तोंड उघडलं, "श्री मन्मथ..." आणि पडद्यावर अख्खी पत्रिका हजर.

त्यानं आपली सीडी बॅगेत टाकली.

"हा घ्या," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा हलका हाय. पाशाभाई समोरच हायेत, नवी फ्लॉपी तेच आणून घालतील."

मी त्याच्याकडं बघितलं. लातूरच्या ज्या मालकाचा माल हा विकत होता, त्याला काय सांगणार होता? केज, परळी अशी गावं करत उन्हातान्हात फिरायचं आणि दुसऱ्याचा माल चांगला म्हणून द्यायचा! मला वाटलं असतं तर मी म्हणू शकत होते की नाही, मला तुमचाच हवा. मशीन तसंही चाललं असतं. पण समोर बसलेला माणूस इतका खरं बोलला होता की त्याच्यासमोर खोटं बोलायची मला लाज वाटली.

"पाशाभाईंचाच ठेवा," मी म्हटलं.

पत्रिका त्यानंतर अशा निघाल्या की आप्पा दिवसातून चारदा येऊन मशीनकडं कौतुकानं बघायचे. पहिली पत्रिका योगेश्वरीदेवीपुढं ठेवायला गेलेलं गिऱ्हाईक पेढे देऊन गेलं. मशीन विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आठवड्यानं सोमेश्वर आपली कार्डं न्यायला आला. ती मी केव्हाच करून ठेवली होती, आणि मुद्दाम निरोप दिला नव्हता.

"चालतंय ना मशीन?"

"पळतंय."

"मग झालं." त्यानं कार्डं बॅगेत टाकली. "आता माझं हितं काही काम न्हाई..."

तो दाराकडं वळला. पाठीमागून बघितलं तर खांदे जरा खाली आलेले. आप्पा समोर पाशाभाईंकडं चहा पीत होते. मी खुर्चीवरून उठले. 

"थांबा जरा. कामाशिवाय न्हाई का येता येत?"

तो वळला. "कामाशिवाय... काय म्हून येऊ?"

"मला तुमी आवडता म्हून या." बोलून गेले, आणि मग थांबलेच नाही. "स्वतःचा माल बाजूला सारून खरं बोलणारा माणूस मी बघितला न्हाई. पण आधीच सांगते. लग्न झालं तरी मी मशीनवर बसणार. घरात बसायचं असंल तर मला जमणार न्हाई. तुमाला जमत असंल तरच पुढचं बोला."

तो कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. हसावं की घाबरावं, त्याला कळेना.

"मी आईला सांगितलंय," तो म्हणाला. "गावाकडं, तेलगावला गेलतो ना रविवारी... तवाच."

"काय सांगितलं?"

"की एक पोरगी हाय... पत्रिका करती. सगळी पत्रिका तोंडपाठ म्हणती."

"मग? आई काय म्हणल्या?"

"आई म्हणली, तेलगावच्या लोकांना पत्रिका छापायला माजलगावला जावं लागतंय. ती पोरगी हितं दुकान टाकंल का, ते आदी विचारून ये. तुला हो म्हणंल का, ते मागून बघू."

समोरून आप्पा रस्ता ओलांडून येताना दिसले. मी घाईनं खुर्चीवर बसले, माऊस हातात घेतला आणि पडद्याकडं बघत म्हटलं, "दोन्हीला हो म्हणून सांगा त्यांना. आन् रविवारी घेऊन या."