आलेखातला उंचवटा

अवधूत पहिल्यांदा सलोनीच्या टेबलापाशी आला तो माफी मागतच. लॅबमध्ये जागा नव्हती, म्हणून नव्यानं रुजू झालेल्या या खडकीच्या मुलाला तिच्याच टेबलाचं अर्धं टोक मिळालं होतं. अँटेना तपासणं हे त्याचं काम. "तुम्हाला माझा काही त्रास होणार नाही," तो म्हणाला. झाला तर सांगेन, असं सलोनीनं मान वर न करताच सांगितलं. मग मात्र तिनं मान वर केली... आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं.

तिचं सगळं लक्ष तेव्हा एका चिपवर होतं. चिपमधला ऑसिलेटर रेडिओसाठी ताल धरतो. ताल स्वच्छ हवा तर करंट जास्त ओता, हा सगळ्यांचा शिरस्ता. सलोनीनं निम्म्या करंटमध्ये तो स्वच्छ ठेवायचा घाट घातला होता. "सिम्युलेशनमध्ये सगळ्यांचेच संसार सुखाचे असतात," टीमचे प्रमुख रंगनाथ सर म्हणाले होते. शुक्रवारच्या बैठकीत खरं मोजमाप दाखवायचं, नाहीतर जुनं डिझाइन पुढे जाणार आणि तिचं वर्ष पाण्यात.

आणि नेमका आताच नॉइजच्या, म्हणजे तालातल्या खरखरीच्या, आलेखात एक उंचवटा उगवला होता. कधी असे, कधी नसे. तिनं भिंतीतल्या विजेऐवजी बॅटरी लावून पाहिली, सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, एसी बंद करून सगळ्यांचे शिव्याशाप घेतले. उंचवटा काही कायमचा जाईना. चिडायचं सोडून तिला त्याचं भलतंच कुतूहल वाटू लागलं.

"आज आलेत का पाहुणे?" अवधूत रोज उंचवट्याबद्दल विचारायचा.

"तुमच्या आधी नाही येत," ती म्हणायची.

बुधवारी तेच वाक्य बोलता बोलता ती थबकली. अवधूत चहाला खाली गेला, रेषा सपाट. परत आला, कामात बुडाला, सवयीनं गुणगुणू लागला — आणि उंचवटा वर!

"जरा मोठ्यानं गा," ती म्हणाली.

"आत्ता?" त्याचे कान लाल झाले. तरी तो गायला, आणि पडद्यावरची रेषा टुणकन वर गेली.

चूक सलोनीचीच होती. बोर्डावर तिनं सिरॅमिक कपॅसिटर लावला होता. तो जरा जरी थरथरला तरी ती थरथर विजेत उतरते. टेबल एकच, त्यामुळे अवधूतचं गाणं थेट चिपपर्यंत पोचत होतं.

अवधूतचा चेहरा पडला. त्यानं लॅपटॉप उचलला. "शुक्रवारपर्यंत वरच्या मजल्यावर बसतो. नंतरही तिकडेच राहीन... तेच बरं."

बरं तर होतंच. बोर्डावर धड चालणारी चिप ही एकच उरली होती. कपॅसिटर बदलायला जावं आणि तापलेल्या सोल्डरिंग गननं चिपच गेली तर? शहाणपण त्याला जाऊ देण्यात होतं. पण ते अर्धं टेबल रिकामं दिसेल या विचारानंच सलोनीनं त्याच्या लॅपटॉपवर हात ठेवला. हा मुलगा आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला तेव्हा कळलं.

"बस खाली," ती म्हणाली. "कपॅसिटर जाईल. तू नाही."

त्यानं बोर्ड धरला, तिनं श्वास रोखून जुना कपॅसिटर काढला आणि कंपानं न बिथरणारा फिल्मचा बसवला. स्विच दाबला. चिप जिवंत होती, रेषा सपाट. आता आवाज करून पाहायचा होता, तर गवयांना गाणंच सुचेना. अवधूत बोर्डावर झुकून हळूच म्हणाला, "सलोनी... मला तू आवडतेस."

रेषा तसूभरही हलली नाही. निम्मा करंट जिंकला होता. पण सलोनी पडद्याकडे बघतच नव्हती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "एका रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही."