सरलाकाकूंनी उकळलेलं गार्ड

सरलाकाकूंनी ते पातेल्यात घालून खळखळ उकळलं, आणि प्रेमाने उकळलं, म्हणून ऋजुताला रागावताही येईना.

"अगं, रात्रभर तोंडात ठेवतेस, कीटाणू नको का मरायला?" घरमालकीण काकूंनी चिमट्याने वर काढून दाखवलं. दातांवर चढवायचं ते पारदर्शक नाइट गार्ड पापडीसारखं वाकडं झालं होतं.

ऋजुता सांगलीची, नोकरी मात्र दूर हिंदी मुलखात, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. चाकणला बदली मागून दोन वर्षं झाली होती. ना हो, ना नाही. तेव्हापासून ती झोपेत दात खायची. सकाळी पोहे चावतानाही कानापाशी कट्ट वाजायचं. गार्डने कुठे जरा आराम पडला होता.

दातांच्या डॉक्टर प्रमोदिनी फोनवर पोटभर हसल्या. "लॅब तुमच्या कारखान्यामागेच आहे. तुमच्या दातांचा साचा तिथे आहे, नवीन करून घ्या. फिटिंगही तिथेच."

लॅबमध्ये अनीश होता, कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरा. तिने नाव सांगितलं तर स्वारी थेट दातांकडे बघायला लागली.

"डावा सुळा घासलेला... तुम्हीच ना?"

"लोक आधी नमस्कार करतात."

"सॉरी! मतलब... मी दातच ओळखतो. चेहरे इकडे येतात कुठे?"

नवं गार्ड दोन दिवसांत झालं. ते घालून निळा कागद चावायचा, जिथे निळा डाग उमटेल तिथे अनीश हलकेच घासायचा. पहिल्या वेळी डाग पुष्कळ होते, मग कमी झाले. तरी दर शनिवारी त्याचा मेसेज यायचाच – 'एकदा चेक करून घेऊ.' ऋजुता शिफ्ट संपवून जायची, तीही केस नीट करून.

"कचोरी तुम्हाला बंद," तो म्हणायचा, "जबड्याला आराम पाहिजे. साबुदाणा खिचडी आणलीय."

"सगळ्या पेशंटना आणता?"

"बाकीचे पेशंट येतात कुठे इकडे..." आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

अशात बदली मंजूर झाली. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दोन वर्षं जिची वाट पाहिली, तिला 'हो' लिहायला ऋजुताचा हात धजेना. बरं, थांबायचं तर कुणाच्या भरवशावर? समोरचा तर निळ्या कागदापलीकडे बोलत नव्हता.

शनिवारी डॉक्टरांनी जबडा तपासला. "छान! आवाज नाही, दुखणं नाही. आणि अनीशने दीड महिन्यापूर्वीच कळवलंय की, गार्ड फिट बसलं, काम संपलं."

ऋजुताने मनातल्या मनात शनिवार मोजले. सहा! ती तडक लॅबमध्ये गेली.

"गार्ड कधी बसलं?"

अनीशने मशीन बंद केलं. "तिसऱ्या वेळीच."

"मग सहा शनिवार काय करत होतात?"

"पॉलिश. कसम से, बाकी काही नाही केलं. तुम्हाला त्रास होईल असं मी..."

"माझी चाकणला बदली झालीय. परवा उत्तर द्यायचंय."

अनीश फळीवरून तिचा साचा काढत म्हणाला, "दोन साल वाट बघितलीत तुम्ही. हा पॅक करून देतो, तिकडच्या डॉक्टरांना लागेल."

ऋजुताला भयंकर संताप आला.

"ऋजुताजी... तुम्ही दात आवळताय."

"मग काय करू? तुम्ही तर काही बोलतच नाही!"

अनीशने साचा टेबलावर ठेवला. "तुम्ही मला आवडता. शनिवार असला की मी सकाळपासून दरवाजाकडे बघत बसतो. नका जाऊ... थांबा ना इथेच."

ऋजुताला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"थांबते," ती म्हणाली. "पण पुढच्या शनिवारी बोलावताना दातांचं निमित्त चालणार नाही."