पंचविसावा हत्ती

"तुमच्याकडे वाया गेलेली शाडू माती मिळेल का?"

असं आमच्या गणपतीच्या कारखान्यात आजवर कोणी विचारलं नव्हतं. नोव्हेंबर महिना. बाप्पा केव्हाच आपल्या गावी गेलेले, नव्या मूर्तींना अजून अवकाश. बाबा दारात ऊन खात बसले होते आणि मी साचे धूत होते. समोर एक उंच, किरकोळ मुलगा उभा. काखेत बुटांचा खोका, केसांत लाकडाचा भुसा.

"कशाला हवीय?" मी विचारलं.

"झेलम नदीचा काठ करायचाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. तेवढ्यात स्वारी उंबऱ्याला अडखळली, खोका निसटला आणि फरशीभर हत्ती पसरले! बोटभर उंचीचे, राखाडी, बिनरंगी... पण सोंडेवरची सुरकुतीन् सुरकुती कोरलेली. मी खाली बसून एकेक वेचला. पंचवीस होते.

"रंगवणार कोण हे?"

"मीच. पण... माझे डोळे वाईट येतात."

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. वाईट अजिबात नव्हते.

"म्हणजे हत्तींचे," तो घाईघाईने म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव मितेश. कोन गावाजवळच्या एका साइटवर इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी सेनापती. जानेवारीत एका रविवारी पुण्या-मुंबईचे खेळाडू पनवेलला जमणार होते. पोरस आणि सिकंदराची लढाई बारा फुटी टेबलावर, फासे टाकून पुन्हा लढायची होती. नदी, झाडं, हजारभर सैनिक, सगळं तयार करायचं काम याने हौसेने गळ्यात घेतलेलं.

"पोरस मी आहे," त्याने अशा थाटात सांगितलं की मला हसू आवरेना.

"आमी देव रंगवतो. खेलनी नाय," बाबा म्हणाले. पण माती त्यांनी दिली.

"हत्तींचे डोळे मी करीन," मी मध्येच बोलून गेले. बाबांनी भुवया उंचावल्या. मी असं का म्हणाले, ते त्यांना नीट ठाऊक होतं.

आमच्याकडे मूर्तीचं सगळं मी करते. पितांबर, दागिने, उंदीरमामा, सगळं. डोळे मात्र बाबांचे. ही डोळ्यांची रेखणी सगळ्यांत शेवटी होते, आणि डोळे राहिलेली मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही, हा आजोबांपासूनचा नियम. तीन वर्षं मी बाबांकडे तो बारीक ब्रश मागत होते. उत्तर ठरलेलं, "हात हाय गो तुजा. नजर अजून नाय आली." मला ते फार लागायचं. हत्ती तर हत्ती, मला डोळे करून दाखवायचे होते.

मग दर शनिवारी दुपारी मी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊ लागले. त्याची आई, सुनीताकाकू, चहाचा चोथा धुऊन ताटात वाळत घालायच्या. तीच आमची पंजाबची माती. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं झाली. झेलमचा काठ मात्र पहिल्याच दिवशी तडकला, कारण पोरस महाराजांनी शाडू कडक उन्हात ठेवली होती!

"शाडूला ऊन दाखवायचं नसतं," मी कपाळाला हात लावला. "सावलीत, हळूहळू वाळू द्यायची. घाई केली की तडे जातात."

"बरं... सगळंच हळूहळू करायचं का?" त्याने हळूच विचारलं.

"सगळंच," मी म्हटलं आणि उगाचच पाण्यात ब्रश बुडवत बसले.

तो सैनिकांचे डोळे आधी करायचा आणि चेहरा मागून. चुकलं तर झाकता येतं म्हणे.

"आमच्यात डोळे शेवटी. आणि डोळे राहिलेला बाहेर जात नाही," मी सांगितलं.

"का?"

"एकदा तो बघायला लागल्यावर त्याच्यासमोर त्याचं धोतर कसं रंगवणार?"

तो इतका हसला की हातातला घोडेस्वार चोथ्यात पडला. मग आम्ही दोघं तो शोधत बसलो, आणि सापडल्यावरही थोडा वेळ शोधतच राहिलो.

हत्ती त्याने मला चोवीसच दिले.

"पंचविसावा कुठाय?"

"त्याची... सोंड तुटली. बघू नंतर."

लढाईच्या आदल्या सकाळी मी शेवटच्या हत्तीचे डोळे पूर्ण केले. त्याने चोवीसही हत्ती नदीकाठी ओळीने उभे केले आणि वाकून पाहिलं.

"स्नेहल... हे चिडलेले नाहीत."

मीही वाकून पाहिलं. अर्धवट मिटलेल्या पापण्या, कडेला किंचित उतरत गेलेली रेघ, सगळं समजून घेणारी नजर. युद्धाचे हत्ती होते, आणि चोवीसही जण सिकंदराच्या फौजेला आशीर्वाद देत होते! लहानपणापासून बाप्पाचे जे डोळे पाहिले, तेच हाताने गिरवले होते.

"आत्ता बदलते," मी ब्रश उचलला. त्याने माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस."

"लोक हसतील तुला."

"हसू देत. मला हेच हवेत."

मनगट त्याने जरा उशिराच सोडलं. तरी घरी जाताना मी रिक्षात रडलेच. बाबांचंच खरं होतं. साध्या हत्तीला हत्तीची नजर देता आली नाही मला.

रविवारी हॉल भरला. सिकंदर होते पुण्याचे शैलेशकाका, झुपकेदार मिशांचे. त्यांनी चष्मा सरसावून हत्ती न्याहाळले आणि गडगडाटी हसले.

"अहो मितेश, हे लढणार आहेत की प्रसाद वाटणार?"

सगळा हॉल हसला. मी फरशीकडे बघत राहिले. मितेश मात्र शांतपणे माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

काकांच्या धनुर्धाऱ्यांची पाळी आली. त्यांनी फासे उचलले, समोरच्या हत्तीकडे पाहिलं... आणि परत खाली ठेवले.

"आज संकष्टी आहे हो. उपास आहे माझा. यांच्यावर बाण कसा सोडू?"

"नियमात बसतं, काका," मितेश म्हणाला.

"नियमात बसेल. मनात नको बसायला?"

आणि सिकंदराने फौज वळवली. हत्तींना लांबून वळसा घालत त्याचे घोडेस्वार आमच्या शाडूच्या काठावर उतरले, आणि चिखलात चाल निम्मी या नियमाने तिथेच रुतून बसले. चार वाजता फासे थांबले. इतिहासात पोरस हरला होता, पनवेलमध्ये जिंकला.

टाळ्या वाजत असतानाच दारात बाबा दिसले. आपली माती कुठे गेली ते बघायला आले होते म्हणे. हात पाठीमागे बांधून ते टेबलावर वाकले आणि एकेका हत्तीसमोर थांबत गेले. 

"डोले कोनी उघडले यांचे?"

"मी, बाबा. चुकले. रागीट हवे होते."

 त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

"दोन वरसं झाली, हात कापतो माजा. तुला बोललो नाय. नजरेची वाट बगत होतो." त्यांनी हत्तीकडे मान हलवली. "आली. यंदा डोल्यांना तूच बस, पोरी."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. बाबा वळले आणि मितेशला म्हणाले, "उरलेली माती परत आनून दे. आनि येशील तं जेवूनच जा."

हॉल रिकामा झाला. आम्ही दोघं सैनिक खोक्यात भरत होतो. मनात एकच खुपत होतं. आता शनिवार कसा जायचा?

"एक काम राहिलंय," मितेश म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून त्याने पंचविसावा हत्ती काढला. झूल, दागिने, सगळं रंगवलेलं. फक्त डोळे नाहीत.

"सोंड तर धड आहे याची!"

"हो. खोटं बोललो." कान पुन्हा लाल. "तूच सांगितलंस ना, डोळे राहिलेला बाहेर जात नाही. म्हटलं, एकाचे राहू देत... म्हणजे तुला परत यावं लागेल. मला तू आवडतेस, स्नेहल. त्या दिवशी खाली बसून हत्ती वेचत होतीस ना, तेव्हापासून."

मी हत्ती तळहातावर घेतला. बारीक ब्रश नेहमीसारखा माझ्या अंबाड्यात खोवलेला होता. त्याने तो पाहिला. मी ब्रश काढला आणि त्याच्याच खिशात ठेवला.

"मलाही तू आवडतोस. पण याचे डोळे पुढच्या शनिवारी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

"घाई नाही," तो म्हणाला. "घाई केली की तडे जातात."

गेल्या वैशाखात आमचं लग्न झालं. आमच्या कारखान्यातून आता माझ्या रेखणीचे गणपती पार आपटा गावापर्यंत जातात. तो हत्ती मात्र आमच्या घरात फळीवर आहे, आणि त्याचे डोळे मी अजून केलेले नाहीत.