दोन पत्त्यांच्या भट्ट्या

चौदा बंद शटरांचे फोटो काढून तो माणूस पंधराव्यापुढं उभा राहिला, तेव्हा मात्र जयाला हसू आवरलं नाही.

"अहो साहेब, कितीबी फोटो काढा, आतून 'या, बसा' कोन म्हननार न्हाई!"

तो दचकून वळला. तिशीच्या आतबाहेरचा, उन्हानं नाक लाल झालेला, गळ्यात ओळखपत्र. जानेवारीची दुपार होती आणि तिसगावच्या बाजारामागची लोहारआळी सुनीसुनी पडली होती. उघडं होतं ते एकच दुकान, जयाचं. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे गोळा करून ती लोहारांना विकायची. त्याच लोखंडाचे ऊसतोडीचे कोयते होतात.

"ताई, हे सगळे कधीपासून बंद आहेत?"

"बंद कुठं? गेलेत."

"कुठं?"

"ऊस हाय तिकडं."

तो समजल्यासारखा हसला, पण हातातल्या टॅबवर त्यानं 'बंद' हेच दाबलं. जयानं ते पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

त्याचं नाव अनीश. नगरच्या एका संशोधन संस्थेत होता. जिल्ह्यात कुठले छोटे उद्योग कुठं एकवटलेत त्याचा नकाशा करायचा, अशा प्रत्येक समूहाला, म्हणजे क्लस्टरला, गुण द्यायचे, आणि ज्यांचे गुण चांगले त्यांना सरकार सगळ्यांत मिळून वापरायला यंत्रं देणार — असं त्यानं पाट्यांच्या ढिगावर बसून सांगितलं.

"कोयत्यांसाठी काय देतील?"

"यांत्रिक घण. मोठी भट्टी."

घण म्हटल्यावर जयाला आबा आठवले. तिचे वडील कानिफनाथ, सगळ्यांचे आबा, तीस वर्षं घण मारत होते. आता त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डोक्यावरची टोपीही ते डाव्या हातानं सारखी करायचे.

"पण निदान पन्नास चालू भट्ट्या लागतात," अनीश म्हणाला, "आणि मला इथं एकही दिसत नाहीये."

"तुमाला दिसत न्हाईत म्हनून नाहीत व्हय?" जया उठलीच. "उद्या सकाळी सहाला टेम्पो घेऊन कोपरगावला चाललेय. बसायचं तर बसा."

तो बसला. आणि पहिल्याच वळणावर त्यानं वरचा दांडा घट्ट धरला.

"तुम्ही नेहमी एवढ्या जोरात चालवता?"

"न्हाई. आज शेजारी मानूस हाय, म्हनून हळू घेतलीय."

थोडा वेळ गेला. धुक्यातून उसानं लादलेल्या ट्रॉल्या डुलत पुढं येत होत्या.

"अनोळखी माणसाला गाडीत घ्यायला भीती नाही वाटली, ताई?"

"तुमचं कार्ड वाचलं की. त्यावरचा फोटो लई बिचारा हाय."

अनीशनं कार्ड उलटं केलं. जयानं रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण ओठ दाताखाली धरून ठेवले.

कोपरगावकडच्या त्या कारखान्यामागं मळीचा आंबूस वास भरून राहिला होता. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या जिथं संपत होत्या, तिथंच तिसगावची अख्खी लोहारआळी मांडलेली होती. भाते फुगत होते, ठिणग्या उडत होत्या, बोथट कोयत्यांचे ढीग पडले होते. पहिल्याच भट्टीवर पन्नाशीच्या कडूबाई पदर खोचून घण मारत होत्या.

"कोन गं हे पावनं?"

"सर्व्हेवाले हायेत, मावशी. तुमाला इचारायला आलेत."

"आधी मी इचारते. लगीन झालंय का?"

"मावशी!"

"नाही झालं," अनीश टॅबमध्ये बघत म्हणाला. "हा प्रश्न यादीत नव्हता... पण उत्तर देतो." त्याचे कान लाल झाले होते. मग घसा साफ करून त्यानं विचारलं, "उद्योगाचा पत्ता?"

"पावसाळ्यात तिसगाव. ऊस उभा हाय तवर हितं. दोन्ही लिवा."

टॅब एकच पत्ता घेत होता. अनीशनं दोनदा, तीनदा दाबून पाहिलं. मग टॅब मांडीवर ठेवून त्यानं भट्टीकडं पाहिलं.

"इथं कुणी मोजायला आलं तर म्हणणार, ही तात्पुरती वस्ती. तिथं आलं तर म्हणणार, बंद." तो हळूच म्हणाला. "म्हणजे ही माणसं दोन्हीकडून सुटतात. आणि आम्ही वर लिहितो, या तालुक्यात उद्योग नाही."

जयानं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं तिला जे नुसतं बोचत होतं, ते या माणसानं कोळशाच्या धुरात डोळे चोळत सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी चौतीस भट्ट्या मोजून झाल्या. पुढच्या दोन शुक्रवारी आणखी दोन कारखाने झाले. एकूण सत्तावन्न! शेवटच्या दिवशी परतताना तो बरंच बोलला, पण एकदाही 'ताई' म्हणाला नाही. जयानं ते ऐकलं, म्हणजे... जे ऐकू आलं नाही तेच ऐकलं. आणि त्या दिवशी तिनं टेम्पो खरोखरच हळू चालवला.

फेब्रुवारीत निवडलेल्या क्लस्टरांची यादी आली. तिसगावचं नाव नव्हतं.

अनीशचा फोन तिनं तीनदा कापला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो दुकानात हजर झाला.

"वरिष्ठांचं म्हणणं असं, की सगळे एका जागी नसतील तर ते क्लस्टर कसलं?"

"मग तुमी काय म्हनला?"

"भांडलो."

"तुमी? भांडता येतं तुमाला?"

"नीट नाही येत. आवाज चिरकतो."

तिला राग आला होता. खरंच आला होता. तरी हसू फुटलंच.

"शेवटी एवढंच पदरात पडलं," तो म्हणाला. "पावसाळ्यात सगळे परत आले की फेरमूल्यांकन करायचं. दुसरा माणूस येऊन मोजेल, मी सोबत असेन. मला पुण्याला जागा मिळत होती. पावसाळा होईपर्यंत जात नाही, असं सांगितलं."

"फेरमोजनीसाठी?"

"हो."

"फकस्त?"

त्यानं समोरचा एक पाटा उचलून उगीच उलटसुलट केला आणि जिथला तिथं ठेवला.  जयानं दोन कप चहा सांगितला.

जुलैत आळी दणाणून उठली. एकही शटर बंद नव्हतं. नवे साहेब दोन दिवस भट्टी-भट्टी फिरले. आधी मोजायच्या राहिलेल्या सहा धरून त्रेसष्ट भरल्या! अनीशनं नकाशावर तिसगावला ठिपका दिला, त्या तीन कारखान्यांना तीन दिले आणि चारही ठिपके रेघांनी जोडले. साहेबांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं, मग म्हणाले, "हे असंच पाठवा." ऑगस्टच्या यादीत तिसगाव नवव्या नंबरावर होतं. यंत्रं पुढच्या वर्षी येणार होती. आबांनी जयाकडून ती यादी दोनदा वाचून घेतली, आणि मग अंगणात जाऊन एकटेच उभे राहिले.

दोन दिवसांनी अनीश आला.

"आता काय मोजायचं राहिलं?" जयानं विचारलं.

"काही नाही. आईला तुमच्याबद्दल सांगितलंय."

जयाचा हात तराजूवर थांबला. "काय सांगितलं?"

"की मला जयाशी लग्न करायचंय. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, मुलगी काय करते. मी म्हटलं, लोखंड विकते, टेम्पो चालवते. मग... आणखी दोन दिवस बोलली नाही."

"आनि मग?"

"काल म्हणाली, एकदा घेऊन ये. पण मी म्हटलं, ती येईल की नाही, हे अजून तिलाच विचारलेलं नाही." त्याचा आवाज खरंच चिरकला. "म्हणून आलोय. विचारायला."

आळीत घण पडत होते. त्या दणदणाटात तिचं उत्तर त्याला ऐकू आलं नसतं, म्हणून ती जवळ सरकली.

"आबा घरात हायेत. त्यांच्याशी बोला जाऊन," ती म्हणाली. "पन मी 'व्हय' म्हनलंय, हे लगेच सांगू नका हं. त्यांना वाटू द्या, त्यांनीच ठरवलं."