मधली टाकी

‘सर, पाणी आता उतरत नाही. मधली टाकी रिकामी करू का?’

पूनमचं हे पत्र अजून माझ्या टेबलावर आहे. मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं पत्र लिहिलं. मी त्यालाही उत्तर दिलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण पुस्तकाबाहेरचं कुणी विचारलं की मला काही सुचत नाही.

पूनम माझी विद्यार्थिनी. कॉलेजातली नोकरी सोडून तिनं चिंचोळी एमआयडीसीत एक शेड घेतली. वर पारदर्शक पत्रे, आत काचेच्या तीन टाक्या. टाक्यांत बोअरचं पाणी, त्यात कालवलेलं मीठ आणि कोकणच्या खडकांवरून खरवडून आणलेले जांभळे जिवाणू. त्यांना ऊन लागतं. सोलापुरात ते हवं तेवढं. खाद्यातलं नत्र तोडलं की हे जीव उपाशीपोटी अंगात दाणे साठवतात. त्या दाण्यांचं प्लास्टिक होतं, मातीत मुरून जाणारं.

चैत्रात मी बघायला गेलो. तिचे चुलते बिरुदेव शेड राखत आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मेंढरं चारत.

“सर, समुद्र बगितलाय का कवा?”

“नाही हो. वाचलाय.”

“मंग आमची पुनी दावंल की. धोतर वर खोचून घ्या.”

मी पँटमध्ये होतो. पूनम हसली नाही.

मेंढरांना तळहातावर मीठ चाटवायची बिरुदेवांची रोजची रीत. दारातच मिठाचं पोतं फुटून सांडलं होतं. तरी एकही मेंढी जवळ नव्हती. सगळ्या कुंपणाशी उभ्या होत्या, माना शेडकडे करून.

“मिटासाटी अंगावर चडत्यात ह्या,” ते म्हणाले. “हितं न्हाय येत.”

कडेच्या दोन्ही टाक्यांना हात लावला. काच चटका बसावा इतकी तापलेली. मधली गार होती, विहिरीच्या तळातल्या दगडासारखी. तिचं पाणी काठापाशी होतं. चहा पिऊन होईस्तोवर ते वीतभर उतरलं. झाकण सीलबंद, तोटी कोरडी. काचेवर ओली जांभळी रेघ राहिली.

“भरती-ओहोटी, सर,” पूनम म्हणाली. “रत्नागिरीच्या समुद्राच्या वेळांशी जुळते.”

“हिला खायला कधी दिलंस?”

“बाकीच्या दोघींना पंधरवड्यानं देते. हिला द्यायचं राहून गेलं. पावसाळ्यापासून.”

“मग जिवाणू मरायला हवेत.”

“नाही मेले. साठवतायत.”

“काय?”

तिनं त्या टाकीतल्या प्लास्टिकचा पातळ ताव माझ्या हातात दिला. आठवडाभर उन्हात वाळवलेला. त्यावर चित्रातल्या किनाऱ्यासारख्या बारीक लाटा होत्या, आणि तो ओला होता.

“रिकामी केली तर सगळं काम जाईल. ठेवली तर काच किती धरेल कळत नाही. खायला द्यायची भीती वाटते. मी इथेच झोपते, सर. तुम्ही सांगाल ते करीन.”

“वाचून कळवतो,” मी म्हणालो.

पुस्तकं चाळली. मग तिचं हे पत्र आलं. मी उत्तर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं.

काल बिरुदेव माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच राहिले.

“दार आतनं बंद हुतं. पत्रा उचकटला. मदली टाकी कोरडी, काच साबूत. खाली थेंब न्हाय.”

“पूनम?”

“हातरूण तितंच हुतं. ती न्हाय,” म्हणत ते उंबऱ्याबाहेरच खाली बसले.

“मेंढरं आता आत जात्यात, सर. भिंती चाटत्यात. हाकलली तरी निगत न्हाईत.” मग म्हणाले, “तुमी काय सांगितलं हुतं तिला?”

“काहीच नाही.”

ते गेले. मी एका बैठकीत उत्तर लिहिलं: ‘रिकामी करू नकोस. तिला खायला दे.’ पाकिटावर पूनमचं नाव आणि शेडचा पत्ता घातला. असं का केलं, माझं मलाही सांगता येत नाही.

आज भर दुपारी कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेलो. डांबर पाघळत होतं. लोखंड भाजेल म्हणून बोटं जपून धरली.

ते गार होतं.

पाकीट सोडलं. तळाला लागल्याचा आवाज आला नाही.