तिनं न विचारलेला प्रश्न

आमच्या घराला महिन्याला रॉकेलच्या दोनच बाटल्या मिळतात, त्यामुळं जेवणं उरकली की आप्पा कंदील एवढा बारीक करतात की काचेत नुसती लाल रेघ उरते. आप्पा म्हणजे माझे सासरे. वडगावात आमचे दोन हातमाग आहेत, पण लढाईमुळं सूत मिळेना, म्हणून सध्या एकच चालतो, तोही अर्धा दिवस. बाळाचे वडील हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात. सासूबाई लवकर झोपतात. अंधारात बसायला उरतो आम्ही : आप्पा, सोळा वर्षांचा माझा दीर परशराम, बारा वर्षांची नणंद मनू, मी, आणि माझ्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ.

मी मराठी सातवी पास आहे. माहेरी, निपाणीला, वर्षभर शाळेत शिकवलंय. भुतं नसतात, हे मुलींना फळ्यावर लिहून दिलंय. पण बाळ झाल्यापासून रात्री तीन-तीनदा उठून त्याच्या नाकाखाली बोट धरते. श्वास लागला की बरं वाटतं. मग वाटतं, वाराच लागला असेल. मग पुन्हा धरते. अशा बाईनं भुताची गोष्ट ऐकायला बसू नये, हे मला कळतं. कळून बसते.

"आप्पा, आज खरी सांगा," परशराम म्हणाला. "ती वडाच्या झाडाची नगं."

"वडावर भूत असतंय व्हय रं? भुताला काय कावळ्यागत झाडावर बसायचा छंद लागलाय?"

"खरी सांगू नगा आप्पा," मनू म्हणाली. "आत्ताच परशादा माझ्या अंगावर सरकायला लागलाय."

"गप गं. थंडी वाजतीया मला."

आप्पा हसले. मग तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

"भावकू म्हणून एक हुता," ते म्हणाले. "ह्याच गल्लीत, चार घरं सोडून. मराय टेकला तवा त्यानं मला बोलवून घेतलं आणि सांगितलं. आधी कुणाला सांगितलं न्हवतं. मीबी आजपतोर सांगितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

भावकू विणकर. त्याच्या घराला भिंत लागून तम्मण्णाचं घर. दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि दोघांचं बालपणापासून एकाच ताटात जेवणं. तम्मण्णाची बायको बायाक्का निपाणीकडची. तिला मुलगी झाली आणि चौथ्या महिन्यात, बत्तीस वर्षांपूर्वीच्या कार्तिकात, गल्लीत उंदीर पडायला लागले. प्लेग आला की जी रीत होती तीच झाली. घरं बंद करून लोक माळावर तट्ट्याच्या झोपड्या घालून राहायला निघाले. निघायच्या दिवशी सकाळी बायाक्काच्या काखेत गाठ आली.

तपासणीवाले घरोघर फिरत होते. आजारी माणूस सापडलं की छावणीत नेत. तिथून माघारी कुणी येत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणून आतलं माणूस लपवायला बाहेरून कुलूप घालायचं, अशी एक युक्ती तेव्हा पुष्कळांनी केली. कुलूप दिसलं की तपासणीवाले पुढं जात.

"बायाक्काच म्हनली," आप्पा म्हणाले. "लेकराला घ्या आणि जावा. मागं बघू नगा. कुलूप घाला."

तम्मण्णानं कुलूप घातलं.

मागावर उजेड पडावा म्हणून विणकराच्या घराला जमिनीलगत एक खिडकी असते. बायाक्कानं तिथंच अंथरूण ओढलं होतं. रात्री अंधार पडला की तम्मण्णा गडव्यातून पेज घेऊन माळावरून गावात यायचा आणि खिडकीच्या गजांतून आतल्या वाडग्यात ओतायचा. दोन रात्री तो आला. तिसऱ्या रात्री पोरगी काही केल्या खाली ठेवू देईना. रडून रडून निळी पडायची. तेव्हा त्यानं भावकूच्या हातात गडवा दिला.

"एवढं काम कर माझं. वत आणि ये. इचार कशी हायस म्हणून."

"ती रात कार्तिक वद्य त्रयोदशीची," आप्पा म्हणाले. "वार शनिवार. भावकू मरंपतोर ती तीथ इसरला न्हाई."

भावकू निघाला. अर्ध्या वाटेवर चिंचेचं झाड होतं. तिथून गाव दिसायचं. एकाही घरात दिवा नव्हता. सगळी दारं बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. कुत्रीही माळावर गेलेली. भावकूला आपली सात वर्षांची पोरगी आठवली, बायको मालुबाई आठवली. तो चिंचेखाली बसला. उठायचं म्हणून बसला. जाऊन यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ बसून राहिला. मग पेज झाडाच्या मुळाशी ओतली आणि माघारी आला.

"दिलीस?" तम्मण्णानं विचारलं.

"दिली की."

"काय म्हनली?"

इथं आप्पा थांबले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला मात्र घाम आला होता, आणि त्याला कारण भूत नव्हतं.

गेल्या बुधवारी दुपारी बाळ रडायचं थांबेना. पाजलं, खांद्यावर घेतलं, झोळीत घातलं. शेवटी मी त्याला झोळीतच ठेवून मागचं दार ओढून घेतलं आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. चारशेपर्यंत आकडे मोजले. त्या वेळात माझ्या मनात जे आलं, ते मी इथंही लिहिणार नाही. सासूबाई देवळातून आल्या आणि म्हणाल्या, अगं, पोर केवढ्यानं रडतंय. मी म्हटलं, धुण्याच्या आवाजात ऐकूच आलं नाही. दगड कोरडा होता. आप्पांचा माग मागच्या दाराला लागूनच आहे. त्या दुपारी माग चालू होता की बंद, ते मला काही केल्या आठवत नाही.

"मग? काय म्हनला भावकू?" परशरामनं विचारलं.

"काय म्हननार? त्वांडाला आलं ते म्हनला. म्हनला, इचारत हुती, भावजी, लेकरू झोपतंय का? आणि नुसतं तेवढंच न्हाई सांगितलं. खरं वाटावं म्हणून मधी एक खोकला घातला. म्हनला, 'भावजी, लेकरू' असं म्हनली, मग खोकली, मग 'झोपतंय का' म्हनली."

तम्मण्णा ऐकून रडला. बरं वाटून रडला.

दुसऱ्या रात्री तो स्वतः गेला. खिडकीतून हाका मारल्या. ओ आली नाही. कुलूप काढलं. बायाक्का गेलेली होती. कधी गेली, ते कोण सांगणार? काल रात्री ती बोलली होती, असं सगळा माळ धरून चालला. तसं नसेल, हे फक्त भावकूला ठाऊक होतं. ती वाट बघत होती की नव्हती, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. तेच त्याला खात राहिलं.

मार्गशीर्षात लोक घरी परतले. तम्मण्णानं पोरीला निपाणीला तिच्या आजीकडं ठेवलं. घरात तो एकटा. भिंतीच्या अलीकडं भावकूचं अंथरूण.

परतल्यावर आठ दिवसांनी एका रात्री भावकूला जाग आली. भिंतीतून आवाज.

"भावजी, लेकरू..."

मग खोकला.

"...झोपतंय का?"

"तसाच?" मनूनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"तसाच. जिथं खोकला घातलता, तिथंच खोकला. तिचाच आवाज. पर ही वाक्यं तिची न्हवती पोरी. ह्यानं रचल्याली. जगात ह्याच्या एकट्याच्या डोस्क्यातनं आल्याली. ती तिच्या त्वांडात गेली कशी?"



रोज रात्री तेच. भावकूनं कानात कापसाचे बोळे घातले. मालुबाईला विचारलं, तिला काही ऐकू येत नव्हतं. तम्मण्णाला विचारलं, तो म्हणाला, "कसला आवाज? हितं उंदीर बी ऱ्हायला न्हाई आता." भावकूचं जेवण सुटलं. मागावर धोटा हातातून निसटायचा. कापडात तार तुटलेली त्याला दिसायची नाही. तम्मण्णाला खरं सांगून मोकळं व्हावं, असं त्याला रोज सकाळी वाटायचं. आणि रोज सकाळी तम्मण्णा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असायचा, शेवटाला पोरीचंच इचारत हुती हो. पोरगी मोठी झाली की सांगणार हाय तिला.

चिंचेखालच्या त्या रात्रीला दोन महिने झाले. पौषातली वद्य त्रयोदशी आली, बुधवार. तम्मण्णा पोरीला बघायला निपाणीला निघाला. जाताना साधं काम सांगून गेला. "दिवेलागणीला घरात दिवा लाव रं. घर अंधारात नगं."

भावकू दिवेलागणीला गेला नाही. वीतभर कापड उरलंय, एवढं विणतो, म्हणत मागावर बसून राहिला. आठ वाजले.

"आहो, दिवा लावला न्हाईसा," मालुबाई म्हणाली. "त्या घरात काळामिट्ट अंधार हाय. लाज वाटंल तम्मण्णाभावजीस्नी."

तो गेला. कुलूप काढलं. आत शिरला. कोनाड्यात दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली. वारा नव्हता. माग रिकामा होता. खिडकी बंद होती. सगळं जागच्या जागी. त्याला हायसं वाटलं. इथं काही नाही.

तो वळला.

आवाज आला.

"भावजी, लेकरू..."

तो थिजला. बायाक्काच्या घरात तो उभा होता. पण आवाज ह्या घरात नव्हता. भिंतीच्या पलीकडून येत होता.

पलीकडं त्याचं घर.

त्याचं अंथरूण.

खोकला...

"झोपतंय का?"

आप्पांचा आवाज इतका खाली गेला की आम्ही तिघंही पुढं सरकलो.

"पळाला न्हाई. म्हनला, आप्पा, कुठं पळू? ती माझ्याच घरात बसलीया."

तो भिंतीपाशी बसला. कपाळ भिंतीला लावलं. भिंत गार. आणि त्यानं सांगितलं. सगळं. चिंच. पेज. मुळाशी ओतली ते. "मी आलोच न्हाई गं बाई. तू काय इचारलंच न्हाईस. मी रचलं. भ्यालो मी... मी भ्यालो."

पलीकडं काही नाही.

दिवा तसाच.

काही नाही.

मग... खोकला नाही. भावजी नाही. त्यानं रचलेलं काहीच नाही. वेगळाच आवाज. थकलेला. जवळचा. भिंतीला त्या बाजूनं कपाळ लावल्यासारखा.

"...झोपतंय का?"

आणि मग ती थांबली. उत्तरासाठी थांबावं तशी.

इतक्या रात्रींत भावकूनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं. हुंदके देत दिलं. "झोपतंय. निपानीला आजीच्या कुशीत झोपतंय. रातचं एकदा उठतंय, पर थोपटलं की झोपतंय बघ."

त्यानंतर आवाज कधीच आला नाही.

 बाहेर रस्त्यानं एक बैलगाडी गेली, तिची घुंगरं दूर जाईपर्यंत ऐकू आली.

"तम्मण्णाला सांगितलं का मग त्यानं?" परशरामनं विचारलं.

"दुसऱ्या दिशी सांगनारच हुता. पायरीवर वाट बघत बसला. तम्मण्णा आला, म्हनला, भावकू, पोरगी हसाय लागली रं, आईगत हसतीया. आई तुझंच इचारत गेली म्हणून सांगितलं तिला, तर बघतच ऱ्हायली माझ्याकडं." आप्पांनी तंबाखू थुंकली. "आता तू सांग. त्या लेकराकडं आईचं म्हणून तेवढं एक वाक्य. ते काढून घ्यायचं? खरं बोलून स्वतः हलकं व्हायचं आणि ते वझं तिच्यावर टाकायचं? न्हाई सांगितलं. मरंपतोर वागवलं."

"मग ती शेवटी खरंच काय बोलली हुती?" मनू म्हणाली.

"कुनाला म्हायती, पोरी."

आप्पा उठायला लागले, आणि अर्धे उठून थांबले.

"त्या रातीचं एक सांगायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "भावकू कुलूप लावून आपल्या घरात आला. मालुबाई चुलीपाशी. पोरगी ताटावर बसल्याली. आत कोन गेलं न्हवतं. भिंतीकडच्या त्येच्या वाकळंवर दोन वले डाग. शेजारी शेजारी. रुपयाएवढं. हात लावला तर ऊन. त्येला वाटलं, पोरीनं पानी सांडलं. मालुबाईला हाक मारली. ती वाकली, वास घेतला.  पदर दोन्ही खांद्यांवरनं घट्ट वढून घेतला आणि वाकळंपाशी खाली बसली. लई येळ बसली."

"कसले डाग?" परशरामनं विचारलं.

"मालुबाईनं कवा सांगितलं न्हाई. भावकूला कळलं न्हाई. मलाबी न्हाई."

कंदिलाची लाल रेघ तेवढी दिसत होती. मांडीवर बाळ गाढ झोपलं होतं. रडत नव्हतं, चुळबुळत नव्हतं, त्याला माझी काही गरज नव्हती. तरी माझी चोळी दुधानं भिजली होती, दोन्हीकडं, ऊन ऊन. मी पदर ओढून घेतला. अंधार होता, त्यामुळं कुणाला दिसलं नाही.