बोटाएवढं कुंकू

सुगी ग्रहाकडे निघालेल्या यानातून दर रविवारी ऋताचा आवाज यायचा, आणि तो ऐकायला मथुराकाकू केंद्रावर यायच्या. या रविवारी मात्र तिथल्या शास्त्रज्ञ शलाकाने त्यांना आधी खुर्चीत बसवलं.

"तोंड का गं असं? पोरगी माझी बरी आहे ना?"

"बरी आहे. पण काकू, सुगी गोठलेली आहे."

सुगी निवडली होती उष्णदर्शीच्या भरवशावर. उष्णदर्शी म्हणजे अंतराळातली, ऊब बघणारी दुर्बीण. जिथून प्रकाश यायलाही वर्षं लागतात, त्या जगात पाणी वाहतंय की गोठलंय हे ती सांगते! पण किती ऊब म्हणजे किती अंश, हे तिला कसं कळणार? म्हणून तिच्या पोटात रुपयाएवढी काळी चकती. चकतीचं तापमान पक्कं ठाऊक. दुर्बीण आधी चकती बघते, मग जग. तराजूला खात्रीचं वजन लागतं ना, तसं.

"गणित जुळतच नव्हतं," शलाका म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये अख्खी दुर्बीण उभी केली, कुठला स्क्रू किती तापतो तेसुद्धा. तरी चकतीची ऊब कमीच. शेवटी चकतीवर एक ठिपका टाकून बघितला. जुळलं!"

"कसला ठिपका?"

"कुंकवाचा."

काकूंनी आपल्या बोटाकडे बघितलं. चाचण्या संपल्यावर, दुर्बीण झाकण लावून बंद करायच्या आधी, खंडेनवमीची पूजा झाली होती. तेव्हा इथंच कामाला असलेल्या काकूंनी हात पार आत घालून चकतीवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. शलाकाला दिसलं होतं. पण पूजेचं कुंकू पुसायला तिचा हात झाला नाही. एवढ्याशानं काय होतंय!

"काळ्या चकतीपेक्षा कुंकू कमी ऊब सोडतं. दुर्बिणीला वाटलं, आपलीच नजर मंद. मग ती सगळंच वाढवून सांगायला लागली. अख्खं आकाश वीस अंशांनी गरम!"

"मग पोरं मरणार?"

"नाही ना! उकाड्याचा म्हणून सोडलेला तो 'भट्टी' ग्रह आठवतो? तिथं छान हवा आहे, काकू! यान आज वळलं तर पोचतंय. पण सगळी वीज त्यातच जाईल. पोचेपर्यंत रेडिओ बंद. चाळीस वर्षं."

काकू एकाहत्तरच्या.

"पुढच्या रविवारी वळवलं तर? एकदा बोलून घेते."

"इंधन पुरणार नाही."

काकूंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बरोब्बर बसलं.

"वळव. आणि आज आलाय तो आवाज तेवढा ऐकव."

आता कुठल्याही जगाची ऊब मोजताना उष्णदर्शी आधी ते बोट वजा करते. ऋता जिथं उतरेल तिथली ऊबही तशीच मोजलेली आहे. आईला वजा करून.